आगोटीच्या कामांत पत्रपेटीचे कुलूपही धरा

तुमच्या गडग्याला किंवा पडवीच्या खांबाला टांगलेली पत्रपेटी तुम्ही शेवटची कधी उघडलीत? जाता-येता पाहिलीत कधी, असे विचारत नाही. किल्ली लावून उघडलीत कधी, ते विचारतो आहे.

मिरग तोंडावर आला की आपल्या कोकणात आगोटीची धांदल उडते. कौले चाळायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, गुरांच्या पेंढ्यावर ताडपत्री घालायची, पन्ह्याळीतला पाला काढायचा, मीठ-मसाला भरून ठेवायचा. हापूसचे शेवटचे करंडे गेले की घरातला प्रत्येक माणूस या ना त्या कामाला जुंपलेला असतो. या सगळ्या यादीत पत्रपेटी मात्र कोणाच्याच खात्यात नसते. ती बिचारी ऊन, पाऊस आणि खारे वारे खात उभी असते. तिचे कुलूप गंजले आहे हे कळते कधी, तर भर श्रावणात, बहिणीची राखी आत दिसत असते आणि किल्ली फिरत नाही तेव्हा.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कुलूप टिकणे कठीण, याची कारणे उघड आहेत. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्यात किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचा अंश. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ओले मीठ लोखंडावर बसले की गंज दुप्पट वेगाने धावतो. त्यामुळे घाटावर पंधरा वर्षे चालणारे कुलूप जयगड-गणपतीपुळ्याच्या पट्ट्यात पाच-सहा पावसाळ्यांत हात टेकते. दुसरा शत्रू आपल्या ध्यानातही नसतो. तो म्हणजे कुंभारीण माशी. तिला घरट्यासाठी बोटाएवढे भोक लागते. पेटीची फट आणि किल्लीचे भोक या दोन्ही जागा तिला पसंत पडतात. ती मातीची गोळी आणून भोक असे लिंपते की किल्ली आत शिरतच नाही. लोक म्हणतात कुलूप बिघडले. खरे तर त्यात कोणीतरी घर बांधलेले असते.

आता कोणी म्हणेल, साहेब, आज पत्रे येतात कुठे? सगळे फोनवर येते, मग पेटी हवी कशाला आणि तिचे कुलूप तरी कशाला? प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी टपालाचा आकार बहुधा पत्र घेणारा देत असे. म्हणून टपालवाल्याला दारात उभे राहून माणूस भेटेपर्यंत थांबणे भाग होते. इंग्लंडात रोलंड हिल यांच्या योजनेने १८४० साली एक पेनीचे तिकीट आले, पैसे पाठवणाराच आधी भरू लागला, आणि पत्र घेणाऱ्याची गाठ पडण्याची गरज उरली नाही. मग दारांना पत्रांसाठी फटी पाडायची रीत पडली. आपल्याकडे १८५४ साली सबंध देशाला लागू होणारी टपाल तिकिटे आली. तरी आपल्या गावांत पेटी रुजायला फार उशीर लागला, कारण पोस्टमन तसाही घरी येतच होता. मुंबईच्या गिरणीतल्या मुलाची मनिऑर्डर हातात द्यायची, अंगठा किंवा सही घ्यायची, आलेले कार्ड वाचून दाखवायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे. पोस्टमनदादा म्हणजे घरचाच माणूस. डोंगरापल्याडच्या वाडीची पत्रे स्टँडवरच्या दुकानात ठेवली तरी दुकानदार ती कोणाच्या तरी हाती धाडत असे.

आज मनिऑर्डरची जागा बँकेने आणि फोनने घेतली आहे. पोस्टमनला पडवीपर्यंत चढून यायचे ते मोठे कारण गेले. घरातली तरुण माणसे मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसे दुपारी बागेत किंवा झोपलेली. म्हणजे पत्रे कमी झाली, पण पेटीवरचा भार वाढला. आणि जी पत्रे अजून येतात त्यांत ख्यालीखुशालीची थोडी, कामाचीच जास्त. बँकेचे नवे कार्ड, चेकबुक, विम्याचा कागद, आधार कार्ड, वकिलाची नोटीस, जमिनीच्या फेरफाराची नोटीस. हे साप्ताहिकही तुमच्यापैकी अनेकांना पोस्टानेच मिळते, पण त्याचा एक अंक भिजला तर फार बिघडत नाही. नोटीस भिजली तर बिघडते.

हा मुद्दा नीट समजून घ्या. सातबाऱ्यावर नोंद घालायची झाली की महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे गावच्या तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांनी, त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि ज्यांचा संबंध दिसतो त्या सर्वांना लेखी कळवायचे असते. हरकत घेण्याची मुदत त्या नोटिशीत दिलेली असते, बहुधा पंधरा दिवसांची. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे. त्यातली निम्मी वारलेली, उरलेली मुंबई-ठाण्यात. अशा वेळी गावच्या घरात पडलेला तो एक कागद सगळ्या हिस्सेदारांच्या वतीने वाट पाहत असतो. हल्ली ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा बघता येतात. ज्यांच्या घरी बघणारे आहे त्यांनी महिन्यातून दोनदा जरूर बघाव्यात.

सहीचे टपाल असेल तर आणखी एक गोष्ट. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामावून घेतले गेले, तरी तत्त्व तेच आहे. घर बंद दिसले तर पोस्टमन एक चिठ्ठी टाकून जातो की तुमचे टपाल आले आहे, पोस्टात येऊन घेऊन जा. टपाल तिथे साधारण सात दिवस थांबते आणि मग परत जाते. आता १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ असे सांगते की, बरोबर पत्त्यावर, पुरते तिकीट लावून नोंदणीकृत टपालाने पाठवलेली कायद्याची नोटीस पोहोचली असे धरले जाते. ती पोहोचली नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. टपाल न सोडवल्यामुळे परत गेले, तरी नोटीस बजावली गेली असे न्यायालये अनेकदा धरतात. ‘आमच्या पेटीचे कुलूप गंजले होते’ ही सबब तिथे किती चालेल, तुम्हीच विचार करा. ती हातभर चिठ्ठी नव्हे, तळहाताएवढा कागद असतो. फाटक्या पेटीतून तो वाऱ्याने उडतो, नाहीतर चिखल होऊन तळाला चिकटतो.

मोहोराच्या दिवसांत फुलकिडीची पाहणी करीत मी एका वाडीत गेलो होतो. कलमे बघून झाल्यावर एका घरी पाणी प्यायला थांबलो. घरात सत्तरीच्या काकी एकट्या. यजमान वारलेले, मुलगे डोंबिवलीला. गडग्यावर फणसाच्या फळीची चांगली भक्कम पेटी होती, यजमानांनीच केलेली. काकी म्हणाल्या, “सायब, ही पेटी उघडतेय काय बघा जरा. किल्ली मुंबयला ऱ्हायली नि कुलूप दगड झालाय.” पाडव्याला थोरला येईल तेव्हा बघू, असे घरात ठरले होते म्हणे. फटीतून पाहिले तर आत कागद दिसत होते. मुलाला फोन लावून विचारले, तो म्हणाला तोडा. शेजारच्या सुताराकडून हेक्सा ब्लेड आणले आणि कुलपाची दांडी कापली. आत मातीची दोन घरटी, पालीची अंडी, भिजून सुकलेले तीन अंक आणि पोस्टाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवरची शाई फुटली होती पण तारीख वाचता येत होती. सहावा दिवस होता.

काकी त्याच दुपारी शेजारच्या मुलाच्या गाडीवर बसून पोस्टात गेल्या. पाकिटात फेरफाराची नोटीस निघाली. चुलत घराण्यातल्या वारसनोंदीत एका सामाईक गटातून यजमानांची शाखाच गळली होती. मुद्दाम की नजरचुकीने, ते मी सांगणार नाही, मला ते ठाऊक नाही. काकींनी मुलाला बोलावून घेतले आणि हरकत मुदतीत दाखल झाली. तंटा अजून मिटलेला नाही. पण तो काकींच्या सहीने चालला आहे, त्यांच्या पाठीमागे नाही.

काकींचा राग कुलपावर नव्हताच. त्या थोरल्याला फोनवर म्हणाल्या, “घरात मी ऱ्हाते, नि किल्ली तुझ्याकडं कशाला रे?” मला वाटते खरा दोष तिथेच होता. आपल्याकडे कपाटाची, ट्रंकेची, पेटीची किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाकडे राहायची रीत आहे. तो नोकरीला मुंबईत गेला तरी किल्ली त्याच्याबरोबर जाते. पत्रपेटीच्या बाबतीत तरी ही रीत मोडायला हवी. जो माणूस बारा महिने घरात आहे, त्याच्याकडे, बहुतेक वेळा तिच्याकडे, पहिली किल्ली राहिली पाहिजे.

आता कामाकडे येऊ. पेट्या दोन तऱ्हेच्या असतात. एक, कडी-कोयंडा आणि बाहेर लोंबते कुलूप. दुसरी, पत्र्याची तयार पेटी, जिच्या दारातच छोटे गोल कुलूप बसवलेले असते. दुकानात त्याला कॅम लॉक किंवा ड्रॉवरचे कुलूप म्हणतात.

लोंबते कुलूप अडले असेल तर लगेच दगड उचलू नका. दगडाने कुलूप तुटत नाही, पेटीच्या बिजागऱ्या मात्र उखडतात. आधी टाचणीने किंवा सायकलच्या तारेने किल्लीच्या भोकातली माती काढा. मग शिवणयंत्राचे तेल किंवा थोडे डिझेल भोकात आणि दांडीच्या मुळाशी सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकून किल्ली थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवून बघा. जोर लावू नका. किल्ली आत मोडली तर दोन पैशांचे काम दोन तासांचे होते. सुटले तर ठीक, पण असे एकदा अडलेले कुलूप परत वापरू नये असे माझे मत आहे. पुढच्या पावसात ते नक्की दगा देणार. सुटलेच नाही तर दांडी हेक्सा ब्लेडने कापा. मात्र पेटी सामाईक घराची असेल तर आधी भावकीला सांगा, नाहीतर कुलपाच्या भांडणाची वेगळी नोटीस येईल.

नवे घेताना पितळेचे घ्या. पितळेला लोखंडासारखा गंज चढत नाही. पण फक्त अंग पितळेचे असून भागत नाही, वरची दांडी बघा. बहुतेक पितळी कुलपांची दांडी पोलादाची असते, वर नुसता चकचकीत मुलामा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलच्या दांडीचे मागा, थोडे महाग पडेल. जुने कुलूप बरोबर न्या, म्हणजे दांडीची जाडी कोयंड्याच्या भोकाशी जुळते की नाही हे दुकानातच कळेल. कुलपाच्या नावावर फार जाऊ नका. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्याकडे चांगला माल बनतो. उत्तर प्रदेशातले अलीगढ तर सबंध कुलपांचेच गाव. तिथला लहान कारागिरांचा मालही उत्तम असतो आणि वाईटही असतो. हातात घेऊन वजन बघा, किल्ली दहा वेळा फिरवा, ती अडखळली तर दुसरे मागा. आकड्यांचे, बिनकिल्लीचे कुलूप काहींना आवडते. मला उघड्यावरच्या पेटीसाठी ते पटत नाही. त्याची चाके दोन पावसाळ्यांत धरतात आणि म्हातारपणी बारीक आकडे दिसतही नाहीत.

कडी-कोयंड्याचे स्क्रूही त्याच वेळी बदला. पितळेच्या कोयंड्याला साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या संगतीने लोखंड आणखी लवकर सडते. पितळेला पितळेचे किंवा स्टेनलेसचे स्क्रू लावावेत.

दारातले गोल कुलूप बदलणे दिसायला अवघड, करायला सोपे. दार उघडून आतून बघा. कुलपाच्या शेपटीला एक पट्टी स्क्रूने बसवलेली असते, किल्ली फिरली की हीच पट्टी फिरून चौकटीत अडकते. तिच्या पुढे, दाराला टेकून, मोठा नट किंवा इंग्रजी यू अक्षरासारखी पत्र्याची पकड असते. स्क्रू काढा, पट्टी काढा, नट पान्ह्याने सोडवा किंवा पकड पेचकसाने वर उचला, की कुलूप बाहेरून अलगद निघते. ती पट्टी कशी बसली होती, सरळ की मुडपलेली, तोंड कुठे होते, हे काढण्याआधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुकानात चार मापे जुळवायची. भोकाचा व्यास, कुलपाच्या नळीची लांबी, पट्टीची लांबी आणि किल्ली पाव वळसा फिरते की अर्धा. नळीला दोन बाजूंनी सपाटी असते आणि दारातले भोकही तसेच असते, म्हणजे किल्लीबरोबर सगळे कुलूपच फिरत नाही. जुन्या पेटीत हे भोक झिजून गोल झालेले असते. तेव्हा आतून एक रुंद वायसर घालून नट घट्ट करा. फारच झिजले असेल तर वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा डकवून नवे भोक पाडून घ्यावे.

किल्ली हरवली आणि दार बंद, असे असेल तर बिजागरीची खीळ ठोकून दार त्या बाजूने निघते का ते आधी पाहा. नाही निघाले तर सुताराकडच्या ड्रिलने किल्लीच्या भोकातूनच कुलूप पोखरावे लागते. आत पत्रे आहेत याचे भान ठेवून हळू पोखरा.

रत्नागिरी शहरात जिन्याखाली ओळीने पेट्या असलेल्या इमारती आता पुष्कळ झाल्या आहेत. तिथल्या मंडळींनी एक बघावे. स्वस्त कुलपांच्या किल्ल्यांचे नमुने मोजकेच असतात आणि कुलपाच्या तोंडावर बारीक नंबर कोरलेला असतो. शेजारच्या पेटीवर तोच नंबर असेल तर तुमची पेटी त्यांच्या किल्लीने उघडते. नवे घेताना नंबर वेगळा मागून घ्या.

तेल कुठले घालावे यावर घराघरांत वाद असतो. खोबरेल घरात असते म्हणून तेच घातले जाते. पण ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते आणि त्यावर मुंग्या येतात. त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची पूड करून किल्लीला चोळा आणि किल्ली आत-बाहेर करा. शिसे कोरडे राहते, धूळ धरत नाही. लोंबत्या कुलपावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा झाकणासारखा ठोकून द्या. पाऊस अंगावर येत नाही, कुंभारणीलाही भोक दिसत नाही. पेटीच्या तळाला मात्र दोन बारीक भोके ठेवा, आलेले पाणी निघून जायला.

पेटीवर नाव लिहिताना नुसते आडनाव लिहू नका. आपल्या वाड्यांत एका आडनावाची तीस-तीस घरे असतात. वडिलांचे नाव, वाडीचे नाव आणि पिन कोड लिहा. हा पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते. २०२५ साली खात्याने डिजिपिन काढला. त्यात देशातली प्रत्येक चार मीटर लांबीरुंदीची जागा ओळखता येते. तुमची पेटी कुठल्या फणसाखाली आहे हेसुद्धा आता दिल्लीला कळू शकते. ती उघडते की नाही, हे मात्र तुम्हीच बघायचे आहे.

किल्ल्या बहुधा दोन मिळतात, तिसरी करून घ्या. एक घरात राहणाऱ्या माणसाकडे, चुलीपाशी खिळ्याला. दुसरी भरवशाच्या शेजाऱ्याकडे, आणि वर्षातून दोनदाच उघडणाऱ्या घरांनी तर हे न चुकता करावे. शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा पेटी रिकामी करायची, पाकीट फोडायचे नाही, वरचे नाव आणि पाठवणाऱ्याचे नाव फोनवर सांगायचे, आणि पोस्टाची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. घरच्यांनी जमल्यास पोस्टातून टपाल घेण्याचे लेखी अधिकारपत्र आपल्या पोस्टमास्तरांना विचारून देऊन ठेवावे. तिसरी मुंबईच्या मुलाकडे राहू द्या, त्याचेही मन राहते.

नवे कुलूप बसवलेत की दार लगेच लावू नका. दार उघडे ठेवूनच तिन्ही किल्ल्या एकेक करून चार-चार वेळा फिरवा. नवी करून घेतलेली किल्ली पुष्कळदा एका बाजूला अडते. ती कानशीने किंचित घासून आणावी लागते.